खोली बघून अ‍ॅम्प घ्या: घरचा सराव आणि छोट्या कार्यक्रमांसाठी सॉलिड-स्टेट गिटार अ‍ॅम्प कसा निवडावा

इलेक्ट्रिक गिटार घरी आली की आठवड्याभरात अ‍ॅम्पचा, म्हणजे तिचा आवाज मोठा करणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरचा, प्रश्न उभा राहतो. दुकानात पाऊल टाकलं की पहिलं विचारलं जातं, "किती वॅटचा हवा?" गल्लत तिथूनच सुरू होते. वॅटचा आकडा तुमच्या निवडीत बराच खाली यायला हवा. सगळ्यात आधी खोली, मग स्पीकर, आणि कार्यक्रम करायचे असतील तर अ‍ॅम्पच्या पाठीमागची सॉकेटं. या तीन गोष्टी नीट पाहिल्या तर वॅटचं गणित आपोआप सुटतं.

सॉलिड-स्टेट म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हऐवजी (त्यालाच ट्यूब म्हणतात) ट्रान्झिस्टर आणि आयसी वापरणारा अ‍ॅम्प. वजनाला हलका, किमतीला परवडणारा, व्हॉल्व्ह बदलायची कटकट नाही, आणि नवशिक्यासाठी मुख्य फायदा म्हणजे हळू आवाजातही तो नीट बोलतो. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प खुलायला आवाज चढवावा लागतो, आणि फ्लॅटमध्ये तेच जमत नाही. "खरे वादक ट्यूबवरच वाजवतात" असं कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नका. रोलँडचा जेसी-१२० हा १९७५ पासूनचा सॉलिड-स्टेट अ‍ॅम्प आहे आणि त्याचा स्वच्छ आवाज आजही जगभर वाखाणला जातो. ब्लूजचे बादशहा बी. बी. किंग लॅब सीरिजच्या एल-५ या सॉलिड-स्टेट अ‍ॅम्पवर वाजवत आणि पँटेरा या मेटल बँडच्या डायमबॅग डॅरेलचा कापत जाणारा आवाज रँडलच्या सॉलिड-स्टेट अ‍ॅम्पमधून आला.

पहिली पायरी: कुठे वाजवणार ते कागदावर लिहा

आठवड्यात किती तास घरी वाजवणार आणि महिन्यात किती वेळा बाहेर, हे दोन आकडे खरे-खरे लिहा. बहुतेकांचं उत्तर "घरी रोज तासभर, बाहेर वर्षातून चार-सहा वेळा" असं निघतं. तसं असेल तर अ‍ॅम्प घरासाठी घ्या आणि बाहेरची सोय लाईन आऊटने, म्हणजे अ‍ॅम्पमधून थेट मिक्सरला सिग्नल देणाऱ्या सॉकेटने, करा. ती कशी करायची ते पुढे येईलच. वर्षातल्या चार कार्यक्रमांसाठी घेतलेला १०० वॅटचा अ‍ॅम्प उरलेले दिवस नॉब एकच्याही खाली ठेवून वाजवावा लागतो. तिथे नॉब केसभर सरकला तरी आवाज एकदम उसळतो, मनासारखा बसतच नाही.

घराचंही तसंच. पुण्यात नारायण पेठेतल्या जुन्या वाड्याच्या जाड भिंती आणि बाणेरच्या नव्या इमारतीतल्या पातळ आतल्या भिंती यांत फरक आहे. पण गिटारचे खालचे सूर भिंतीपेक्षा स्लॅबमधून जास्त पोचतात, त्यामुळे खालच्या मजल्याचा विचार आधी करा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. ऑफिसातून आठला घरी येऊन साडेनऊला गिटार हातात घेणाऱ्याला हेडफोनचं सॉकेट नसलेला अ‍ॅम्प उपयोगाचा नाही, मग तो कितीही स्वस्तात मिळो.

दुसरी पायरी: स्पीकर बघा, मग वॅट

इथे थोडं गणित करू, कारण पैसे इथेच वाया जातात.

वॅट दुप्पट झाले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला "दुप्पट मोठा" वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. म्हणून ५० आणि १०० वॅटमध्ये फरक जाणवतो, पण तो दुप्पट नसतो. स्पीकरवर मात्र "सेन्सिटिव्हिटी" नावाचा आकडा असतो: एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल. समजा एका अ‍ॅम्पमध्ये ४० वॅट आणि ९४ डेसिबलचा स्पीकर आहे, दुसऱ्यात २० वॅट आणि ९७ डेसिबलचा. दोघांचाही कमाल आवाज एकच, सुमारे ११० डेसिबल. दुकानात मात्र पहिल्याची किंमत "चाळीस वॅट" म्हणून चढी लावलेली असू शकते.

हेच गणित उलटं करा. ९४ डेसिबलच्या स्पीकरला ७४ डेसिबलवर वाजवायला किती वॅट लागतात? एका वॅटचा शंभरावा भाग. दहा बाय बाराच्या खोलीत ७४ डेसिबल म्हणजे मोकळेपणाने केलेला सराव. घरासाठी १० वॅट कमी पडतील ही भीती तेवढ्यावरच संपते.

मग मोठा स्पीकर कशाला? सुरासाठी. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्‌झवर वाजते. सहा इंची स्पीकर आणि बुटाच्या खोक्याएवढी पेटी तो मूळ सूर नीट उचलत नाही, फक्त त्याचे वरचे स्वर ऐकू येतात आणि आवाज डबीतून आल्यासारखा वाटतो. आठ इंचाला फरक लगेच कळतो. दहा-बारा इंची स्पीकर मोकळ्या पेटीत असेल तर हळू आवाजातही भरदार लागतो. आमचं स्पष्ट मत: फक्त घर असेल तर ८ इंच आणि १५ ते २५ वॅट, घर अधिक काहोन (वर बसून वाजवायची लाकडी पेटी) किंवा तबला असलेला छोटा कार्यक्रम असेल तर १० इंच आणि ३० वॅटच्या आसपास, आणि ड्रम सेटबरोबर पीएशिवाय (कार्यक्रमाच्या मोठ्या स्पीकरांशिवाय) वाजवायचं असेल तर १२ इंच आणि ५० वॅट. ड्रम सेट लहान खोलीत सहज १०० डेसिबल ओलांडतो. त्याच्यापुढे सहा इंची स्पीकर फाटेल, पण ऐकू येणार नाही.

ट्यूबचे १५ वॅट ड्रमबरोबर चालतात, मग सॉलिड-स्टेटचे का नाहीत, असं विचारलं जातं. वॅट सारखेच असतात. फरक असा की ट्यूब तिच्या मर्यादेपलीकडे गेली की आवाज हळूहळू दाबला जातो आणि कानाला तो गोड लागतो; ट्रान्झिस्टरचा पॉवर सेक्शन मर्यादेपलीकडे गेला की लाट वरून सरळ कापली जाते आणि कर्कश खरखर येते. म्हणून सॉलिड-स्टेटमध्ये थोडी जागा राखून ठेवावी लागते.

वॅट नेहमी आरएमएसमध्ये, म्हणजे सलग मिळणाऱ्या ताकदीत, विचारा. खोक्यावर पीएमपीओ (क्षणभराची फुगवलेली ताकद) लिहिलं असेल तर त्या आकड्याला काही अर्थ नाही.

तिसरी पायरी: साधा की मॉडेलिंग

साध्या अ‍ॅम्पमध्ये गेन (आवाज किती फाटका करायचा ते ठरवणारा), व्हॉल्यूम आणि दोन-तीन टोनचे नॉब. ऑरेंजचा क्रश २० (८ इंच), व्हॉक्सचा पाथफाइंडर १० (साडेसहा इंच), फेंडरचा फ्रंटमन १०जी (६ इंच) या जातीचे. मॉडेलिंगच्या अ‍ॅम्पमध्ये आतला प्रोसेसर वेगवेगळ्या अ‍ॅम्पच्या आवाजांची नक्कल करतो आणि डिले, कोरस, रिव्हर्ब असे प्रतिध्वनी आणि घुमाऱ्याचे परिणाम आतच मिळतात. फेंडर मस्टँग एलटी२५ (८ इंच) आणि बॉसच्या कटाना मालिकेतले अ‍ॅम्प या गटातले. कटाना ५० मध्ये १२ इंची स्पीकर आहे आणि पॉवरचा स्विच ५० वरून २५ किंवा अर्ध्या वॅटवर आणता येतो. घर आणि कार्यक्रम दोन्ही एकाच अ‍ॅम्पमध्ये हवे असतील तर असा पॉवर स्विच फार कामाचा आहे.

मॉडेलिंग नवशिक्याला मोहात पाडतं. तास सरावाला ठेवलेला असतो आणि त्यातली पंचेचाळीस मिनिटं आवाज बदलण्यात जातात. घ्यायचाच असेल तर पहिल्या दिवशी तीन आवाज ठरवून साठवा (एक स्वच्छ, एक किंचित फाटका, एक जोरकस) आणि दोन महिने बाकीच्यांना हात लावू नका. साधा अ‍ॅम्प घेताना मात्र एकच कसोटी: त्याचा क्लीन म्हणजे स्वच्छ आवाज आवडला पाहिजे. आतलं डिस्टॉर्शन (गेन वाढवल्यावर येणारा फाटका आवाज) आवडलं नाही तर पुढे एखादं पेडल, म्हणजे गिटार आणि अ‍ॅम्पच्या मध्ये लावायची आवाज बदलणारी डबी, लावता येतं. क्लीनच निर्जीव असेल तर त्याच्यावर लावलेलं पेडलही निर्जीवच वाजणार.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण पुण्यात अनेकांकडे पिकअप (तारांचा सूर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) बसवलेली अकूस्टिक गिटार असते. गिटार अ‍ॅम्पचा स्पीकर साधारण ५००० हर्ट्‌झच्या वर गळपटतो. इलेक्ट्रिकला ते हवंच असतं, नाहीतर डिस्टॉर्शन माशीसारखं गुणगुणतं. अकूस्टिकचा चकचकीतपणा आणि गाण्यातले 'स', 'श' त्याच्याही वर असतात, म्हणून या अ‍ॅम्पमधून अकूस्टिक दबकी आणि गळा कोंदट लागतो. त्यासाठी ट्विटर असलेला अकूस्टिक अ‍ॅम्प वेगळा मिळतो. बेस गिटार तर यात जोरात वाजवूच नका. स्पीकरचा कोन, म्हणजे समोरचा शंकूच्या आकाराचा पडदा, जागेवरून उखडतो.

चौथी पायरी: अ‍ॅम्प वळवून पाठ बघा

दुकानात सगळे समोरचे नॉब बघतात. तुम्ही मागची बाजू बघा, आणि हे शोधा.

हेडफोन सॉकेट: आहे का, लावल्यावर स्पीकर बंद होतो का, आणि हेडफोनमध्ये आवाज स्पीकरसारखा गोल येतो की कच्चा. कच्चा म्हणजे वरच्या सुरांची चरचर. चांगल्या अ‍ॅम्पमध्ये स्पीकरची नक्कल करणारं सर्किट या सॉकेटच्या आधी असतं.

लाईन आऊट: कार्यक्रमासाठी हेच तुमचं दार आहे. काही अ‍ॅम्पमध्ये ते वेगळं असतं, काहींत हेडफोन आणि लाईन एकाच सॉकेटवर. एकच असेल तर लाईन लावली की तुमचा स्पीकर गप्प होतो, म्हणजे स्टेजवर स्वतःचं वाजवणं मॉनिटरमधूनच ऐकावं लागेल. वेगळं लाईन आऊट असलेला अ‍ॅम्प दोन पैसे जास्त देऊनही घ्यावा.

ऑक्स-इन किंवा ब्लूटूथ: तानपुरा, मेट्रोनोम, बॅकिंग ट्रॅक सोबत लावून वाजवायला. मोबाइलमधला ताल आणि गिटार एकाच हेडफोनमध्ये आले की रात्रीचा सराव सार्थकी लागतो.

फूटस्विच: गाणं चालू असताना हात न काढता क्लीनवरून डिस्टॉर्शनवर जाता येतं. घरी गरज नाही, कार्यक्रमाला आहे.

बाहेरच्या स्पीकरचं सॉकेट असेल तर त्याच्याशेजारी छापलेला ओहमचा आकडा नीट वाचा. "किमान ४ ओहम" लिहिलं असेल तर ४ किंवा जास्तच लावा. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ४ होतात, ४ चे दोन जोडले की २ होतात आणि आऊटपुट ट्रान्झिस्टर तापून जातात. जोडायला स्पीकरची जाड दोन वायरची केबल लागते. गिटारची केबल आतून बारीक असते, ती तापते.

मागच्या पट्टीवर व्होल्टेजही बघा. अमेरिकेतून येणाऱ्या भावा-बहिणीकडून अ‍ॅम्प मागवायचा पुण्यात रिवाजच आहे. पट्टीवर १२० व्होल्ट लिहिलेला अ‍ॅम्प आपल्या २३० व्होल्टवर लावला तर क्षणात जळतो. जपानी बाजारातले १०० व्होल्टचे असतात. "१००-२४०" लिहिलेला अ‍ॅडॅप्टर असेल तर फक्त पिन बदलायची. नाहीतर स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो, तोही अ‍ॅम्पच्या वीजवापराच्या निदान दीडपट क्षमतेचा. एवढं सगळं करून बचत फार उरत नाही, आणि वॉरंटी परदेशातच राहते.

पाचवी पायरी: दुकानातला अर्धा तास

स्वतःची गिटार आणि स्वतःची केबल न्या. दुकानातल्या महागड्या गिटारवर कुठलाही अ‍ॅम्प छान वाटतो. शनिवार-रविवारी संध्याकाळी जाऊ नका. लक्ष्मी रोडची गर्दी आणि दुकानात चाललेले इतरांचे सोलो यांत काही कळत नाही. मंगळवार-बुधवारी सकाळी जा.

१. काही न जोडता अ‍ॅम्प चालू करा, व्हॉल्यूम पूर्ण वर. हलकी 'स्स' चालेल. घूंऽऽ असा ठळक आवाज आला तर दुसऱ्या प्लगवर लावून बघा, तरीही राहिला तर तो अ‍ॅम्प सोडा.

२. व्हॉल्यूम खाली आणून मगच गिटार जोडा. गेन कमी, सगळे टोन मध्यावर, रिव्हर्ब शून्य. दहा मिनिटं फक्त क्लीन वाजवा. आवाज घरी ठेवाल तेवढाच ठेवा. एरवी माणूस मोठ्या आवाजाला चांगला आवाज समजतो.

३. जाड तार मोकळी छेडून संपूर्ण विरेपर्यंत ऐका. शेवटी शेवटी फुसफुस किंवा तुटकपणा येत असेल तर तो दोष आहे. मग सगळ्या पट्ट्यांवर एकेक सूर वाजवा. एखाद्याच सुराला पेटी किंवा जाळी खडखडत असेल तर ते आता ऐकू येईल.

४. हळू छेडा, मग जोरात. अ‍ॅम्पने हाताचा फरक दाखवला पाहिजे. सगळं एकाच पातळीवर येत असेल तर त्यावर हात तयार होत नाही.

५. आता गेन वाढवा आणि पॉवर कॉर्ड (दोन सुरांची जोडी) वाजवा. मग तीन तारांची साधी कॉर्ड. चांगल्या डिस्टॉर्शनमध्ये त्या तीन तारा वेगळ्या ओळखू येतात.

६. शेवटी व्हॉल्यूम कार्यक्रमाच्या पातळीला न्या. नॉबच्या आकड्यावर जाऊ नका. अनेक अ‍ॅम्पमध्ये पाचापर्यंतच सगळा जोर येऊन जातो आणि पुढे फक्त खरखर वाढते. ही खरखर कुठे सुरू होते, ती त्या अ‍ॅम्पची खरी मर्यादा.

आणि उचलून बघा. स्कूटरवर पुढे ठेवून नेणार असाल तर १२ किलो बरेच असतात, आणि चौथ्या मजल्यावर लिफ्ट नसेल तर त्याहून जास्त.

जुना घेत असाल तर

पुण्यात शिकायला आलेली मुलं कोर्स संपला की सामान विकून जातात, त्यामुळे चांगले जुने अ‍ॅम्प मिळतात. वर दिलेल्या चाचण्या कराच, शिवाय अ‍ॅम्प अर्धा तास चालू ठेवा. गार असताना शांत आणि तापल्यावर कुरकुरणारा अ‍ॅम्प म्हणजे आत कुठेतरी सांधा सुटलेला आहे. इनपुटच्या जॅकमध्ये प्लग हलकेच हलवा. आवाज जातो-येतो का? हा सर्वात जास्त आढळणारा बिघाड, कारण सॉकेट थेट सर्किट बोर्डावर डाग दिलेलं असतं आणि केबलला पाय अडकला की तो डाग तडकतो. दुरुस्ती स्वस्त आहे, पण किंमत त्यावरून उतरवा. नॉब फिरवताना खरखर आली तर घाबरायचं कारण नाही. ती धूळ आणि दमट हवा. मात्र अ‍ॅम्प चालू करताच स्पीकरचा कोन पुढे किंवा मागे सरकून तिथेच अडकला आणि घूं आवाज आला, तर लगेच बंद करा: आऊटपुट ट्रान्झिस्टर गेला आहे आणि स्पीकरमध्ये थेट डीसी जातंय. काही सेकंदांत कॉइल जळते. फ्यूज पाहा, त्याजागी वायरचा तुकडा घातलेला दिसला तर तो अ‍ॅम्प घेऊच नका.

घरची वीज: अर्ध्या तक्रारी इथल्या

नवा अ‍ॅम्प घरी आणला, आणि दुकानात नसलेली घरघर सुरू झाली. अ‍ॅम्प परत करायच्या आधी पंख्याचा रेग्युलेटर बघा. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची लाट मध्येच तोडतो आणि त्याचा कचरा पिकअपमध्ये शिरतो. पंखा बंद करा किंवा पूर्ण पाचवर न्या. घरघर गेली तर कारण सापडलं. तसंच जुनी ट्यूबलाइट, मोबाइलचा चार्जर, लॅपटॉपचा अ‍ॅडॅप्टर, डिमर एकेक करून बंद करून बघा. सिंगल कॉइल पिकअपची गिटार असेल तर खोलीत गोल फिरून उभं राहा. एका दिशेला आवाज सगळ्यात कमी होतो. खुर्ची तिथे ठेवा. हंबकर जातीच्या पिकअपच्या दोन कॉइल उलट-सुलट असल्याने त्यात हा त्रास फार कमी.

तारांना हात लावला की घरघर कमी होते, सोडला की वाढते, हे नेहमीचंच आहे. पण तारांना हात लावल्यावर चुणचुण किंवा झटका लागत असेल तर वाजवणं तिथल्या तिथे थांबवा. अर्थिंग नाही. जुन्या वाड्यांत आणि कित्येक जुन्या इमारतींत तीन भोकांचा सॉकेट असतो, पण वरच्या भोकाला वायरच जोडलेली नसते. वायरमनकडून मल्टिमीटरने तपासून घ्या: फेज-न्यूट्रल सुमारे २३०, फेज-अर्थही जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये फार तर दोन-चार व्होल्ट. घरघर जाते म्हणून प्लगची अर्थची पिन कापून टाकणारे लोक भेटतील. ती पिन तुमचा जीव वाचवायला आहे. तिला हात लावू नका.

वीज गेल्यावर स्वस्त इन्व्हर्टरवर अ‍ॅम्प चालवू नका. चौकोनी लाटेवर ट्रान्सफॉर्मर तापतो आणि करवतीसारखा आवाज येतो. वारंवार वीज जाणाऱ्या भागात राहत असाल तर सेलवर चालणारा छोटा अ‍ॅम्प दुसरा म्हणून ठेवा. रोलँडचा मायक्रो क्यूब सहा पेन्सिल सेलवर चालतो.

घरी कुठे ठेवायचा, नॉब कुठे

जमिनीवर कोपऱ्यात ठेवला की खालचे सूर फुगतात आणि खालच्यांच्या छताला जाऊन धडकतात. खुर्चीवर किंवा स्टुलावर ठेवा, खाली जाड सतरंजी किंवा दुमडलेली योगा मॅट. गिटार अ‍ॅम्पचे वरचे सूर टॉर्चच्या झोतासारखे सरळ पुढे जातात. अ‍ॅम्प घोट्याशी असेल तर तुम्हाला ते ऐकूच येत नाहीत, तुम्ही ट्रेबल वाढवत राहता आणि समोर बसलेल्याचे कान फाटतात. अ‍ॅम्प मागे कलता ठेवला, तोंड कानाकडे, तर आवाज कमी ठेवूनही नीट ऐकू येतो.

सुरुवात अशी करा: गेन २ ते ३, मास्टर (एकूण आवाजाचा नॉब) हळूहळू वर, बेस ४, मिड ६, ट्रेबल ५. घरी एकट्याने वाजवताना मिड काढून टाकून बेस-ट्रेबल वाढवलेला आवाज भारदस्त वाटतो, पण बँडमध्ये तोच आवाज गायब होतो, कारण खाली बेस आणि किक, वर झांजा, आणि गिटारची जागा मधोमध. घरीच मिडची सवय लावून घ्या.

कानांसाठी एक आकडा लक्षात असू द्या: १०० डेसिबलवर दिवसाला पंधरा मिनिटं ही मर्यादा धरली जाते. हेडफोनमध्ये तिथे पोचणं फार सोपं आहे. आधी आवाज शून्यावर, मग हेडफोन कानाला, मग नॉब.

पावसाळ्यात अ‍ॅम्प बाहेरच्या ओल्या भिंतीपासून हातभर लांब ठेवा आणि आठवड्यातून दोनदा तरी चालू करा. नॉब खरखरू लागले तर पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तपकीर गल्लीत, काँटॅक्ट क्लीनरचा स्प्रे मिळतो. प्लग काढून, नॉबच्या फटीतून एक-दोन फवारे, वीस वेळा पूर्ण फिरवा, तासभर सुकू द्या. रॉकेल किंवा मशीनचं तेल नको. त्यावर धूळ आणखी बसते. मागचं झाकण मात्र उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कॅपॅसिटरमध्ये वीज शिल्लक असते.

पहिला छोटा कार्यक्रम

सोसायटीचा गणेशोत्सव, कॉलेजात फिरोदिया करंडकाची (कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेची) तालीम, कोरेगाव पार्कातला कॅफे. तिन्हीकडे साउंडवाल्याला पहिला प्रश्न विचारा: "लाईन देऊ की माईक लावणार?"

माईक असेल तर सगळ्यात बरं. साधा डायनॅमिक माईक जाळीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर, स्पीकरच्या बरोबर मध्यावर न ठेवता मधल्या टोपीच्या कडेसमोर. मध्यावर फार टोचरा, काठावर फार मवाळ. अ‍ॅम्प तुमच्यापुरताच ऐकू येईल एवढा ठेवा, बाकीचं काम पीए करेल. अशा वेळी २० वॅटचा अ‍ॅम्पही शंभर-दीडशे माणसांना पुरतो.

लाईन द्यायची असेल तर अ‍ॅम्पचं लाईन आऊट, तिथून डीआय बॉक्स (सिग्नल मिक्सरला मानवेल असा करून देणारी डबी), तिथून एक्सएलआर (माईकला असते तशी तीन पिनची केबल) मिक्सरला. इथे एक चूक हमखास होते. हेडफोनचं सॉकेट स्टीरिओ असतं. त्यातून तीन पट्ट्यांच्या जॅकची केबल थेट मिक्सरच्या बॅलन्स्ड इनपुटला लावली की डावा आणि उजवा सिग्नल एकमेकांना मारतात आणि आवाज जवळजवळ नाहीसाच होतो. साउंडवाला म्हणतो तुमचा अ‍ॅम्प बिघडलाय, तुम्ही म्हणता मिक्सर बिघडलाय. एका स्टीरिओ जॅकमधून दोन मोनो जॅक काढणारी वाय केबल जवळ ठेवा आणि त्यातला डावा तेवढा वापरा. बाहेरच्या स्पीकरच्या सॉकेटमधून मिक्सरला कधीच काही जोडू नका. तिथे वॅट येतात, मिक्सरचं इनपुट जळतं.

जोडल्यावर घूं आवाज आला तर डीआय बॉक्सवरचा ग्राउंड लिफ्टचा स्विच दाबा. अ‍ॅम्प आणि मिक्सर दोघांनाही वेगवेगळी अर्थ मिळाली की हे होतं. अ‍ॅम्पची वीज शक्यतो साउंडच्याच बोर्डावरून घ्या. मांडवात दिव्यांच्या माळा ज्या बोर्डावर आहेत तिथून नको. गाणारही तुम्हीच असाल तर माईकला ओठ लावायच्या आधी तारा धरलेल्या हाताच्या मागच्या बाजूने माईकची जाळी हलकेच शिवून बघा. चुणचुण आली तर वाजवायला उभं राहू नका, आधी वीज नीट करून घ्या.

पिशवीत एवढं असू द्या: गिटारच्या दोन केबल (३ आणि ६ मीटर, फार लांब केबलमध्ये वरचे सूर हरवतात), वाय केबल, डीआय बॉक्स, चार मीटरचा तीन पिनचा एक्स्टेन्शन बोर्ड, सहा अँपिअरमधून सोळाला जाणारा अ‍ॅडॅप्टर, अ‍ॅम्पच्या पट्टीवर लिहिलेल्याच मापाचे दोन फ्यूज, टेस्टर, काळी चिकटपट्टी, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत जाड प्लास्टिकचं कव्हर. पावसातून अ‍ॅम्प आत आणला तर लगेच चालू करू नका. अर्धा तास कोरड्यात ठेवा. केबल अ‍ॅम्पच्या हँडलमधून एकदा ओवून मग जॅकमध्ये लावा, कुणाचा पाय अडकला तरी ओढ हँडलवर बसते, जॅकवर नाही. आणि कार्यक्रम संपल्यावर साउंडवाल्याने तुमचा चॅनल बंद केल्याचं सांगेपर्यंत केबल उपसू नका.